बिनभात्याची पेटी

कंपनीत कुणाला लेकरासाठी कीबोर्ड घ्यायचा असला की तो माझ्याकडे येतो. मला वाजवता येत नाही. टाळ्यासुद्धा मी शेजारणीचं बघून वाजवते. पण मी तीन कीबोर्ड तपासलेत, आणि तपासणं हा माझा पोटाचा धंदा आहे.

रांजणगावच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. समोर पार्ट येतो, मी तो गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसवून बघते. बसला तर ओके, नाही बसला तर रिजेक्ट. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. तो भाजी आणतो तेव्हा मी काही बोलत नाही, फक्त दोन ढीग करते.

स्वस्तातला कीबोर्ड घेताना तीन गोष्टी बघाव्यात, असं मोबाईलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं: आवाज, सोयी आणि पैसा वसूल. सांगणारा माणूस हुशार होता, पण तो दोन्ही हातांनी वाजवत होता. मला एका हाताचा हवा होता.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत कॅरेज-वॅगनला होते. गाडी सुटायच्या आधी सगळ्या डब्यांच्या ब्रेकमध्ये पुरती हवा भरली की नाही, हे बघायचं त्यांचं काम. ब्रेक लागायला नव्हे, सुटायला हवा लागते, हे त्यांनी आम्हाला जेवताना इतक्यांदा सांगितलंय की माझ्या लग्नात मी सासूबाईंनाही ते सांगून टाकलं. ड्यूटी संपली की आंघोळ करून आप्पा विहारात जायचे आणि गायन पार्टीत पेटी वाजवायचे. दिवसभर गाडीत हवा आणि संध्याकाळी पेटीत हवा, असा त्यांचा जन्म गेला.

पार्टीचे गायक म्हणजे आप्पांचे यार्डातलेच जोडीदार. त्यांना अख्खी वस्ती मामा म्हणते. मामांची पट्टी पांढरी चार. ज्यांना ही भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पेटीवरची चौथी पांढरी पट्टी दाबली की जो सूर निघतो, तो धरून मामा गाणं सुरू करतात. पुरुषाच्या गळ्याला ही उंच पट्टी. बाकीचे गायक काळी एक, फार तर काळी दोन मागतात आणि पाणी पितात. मामांनी साठी उलटली तरी पांढरी चार सोडली नव्हती. जयंतीला बाहेरून पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी हे सांगितलं जायचं. आमच्या वस्तीत बढाई मारण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, त्यातली ही एक.

गेल्या थंडीत आप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर पॅरालिसिस म्हणाले, आम्ही वारं गेलं म्हणतो. पुण्याच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं शाबूत होतं, पाय ओढत का होईना चालत होता, उजवा हात पहिल्यासारखा होता. डावा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की दुसरा झटका येऊ शकतो, लक्ष ठेवा. हे त्यांनी आप्पांच्या देखत सांगितलं.

पेटीला दोन हात लागतात. उजवा पट्ट्यांवर आणि डावा मागच्या भात्यावर. भाता हलला नाही तर पट्ट्या कितीही दाबा, लाकूडच. ‘माझ्या अंगावरनं गेलं ते पेटीतनंबी गेलं,’ असं आप्पा एकदाच म्हणाले. मग त्यांनी आईला पेटी कापडात गुंडाळून कपाटावर ठेवायला लावली. आईने ठेवली. त्यानंतर ते खाटेवर बसून यार्डातल्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि कुठल्या गाडीला किती डबे आहेत ते कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

जयंती एप्रिलमध्ये. आप्पांनी पेटी वाजवली नाही अशी एकही जयंती मला आठवत नव्हती. यंदा वाजवायला मिळालं नाही तर हा माणूस खाटेवरून उठायचा नाही, एवढं मला गेज न लावताही कळत होतं. आणि कीबोर्डला भाता नसतो. हे मला कंपनीच्या बसमध्ये सुचलं आणि मी शेजारणीला मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, बरं.

पहिला कीबोर्ड मी शिरूरच्या बाजारपेठेत घेतला. मोबाईलची कव्हरं आणि इस्त्र्या एकाच काचेत ठेवणारं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, शंभर आवाज आहेत. होते. त्यातले बहुतेक एकमेकांसारखे होते आणि एक कुत्र्याचा होता. पट्ट्या लहान मुलांच्या मापाच्या. आप्पांचं बोट रेल्वेत वाढलेलं, त्यामुळे एक पट्टी दाबली की शेजारचीही बोलायची. तरी ते वाजवत बसले. मला वाटलं, जमलं.

एका रविवारी विहारातली मंडळी आप्पांना बघायला आली. कुणीतरी म्हणालं, वंदना घेऊ या. आप्पांनी हळू चाल धरली, सगळे हात जोडून बसले आणि आप्पांची करंगळी डेमोच्या बटनाला लागली. यंत्राने परदेशातली एक नाताळची चाल बँडबाजासकट सुरू केली. बंद कशी करायची ते कुणालाच माहीत नव्हतं. उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून सगळे डोळे मिटून, हात जोडून बसून राहिले. चाल बरीच मोठी होती. संपल्यावर एक म्हातारबाबा वंदनेनंतर म्हणतात तसं म्हणाले, ‘साधू, साधू, साधू,’ आणि सगळ्यांनी मान लववली.

आवाज डब्यातला, सोयी नको तितक्या. लहान पोराच्या वाढदिवसाला द्यायला ओके, बापाला द्यायला रिजेक्ट. तो आता शिरूरला आमच्या शेजारच्या मुलीकडे आहे आणि रोज संध्याकाळी कुत्रा भुंकतो.

दुसरा उसना. आमच्या लाइनवर गोरखपूरकडचा एक ऑपरेटर आहे, तो खोलीवर वाजवतो. त्याला मी आप्पांचं सांगितलं. तो म्हणाला, ‘ले जाओ दीदी, बस पानी मत गिराना.’ नावाजलेल्या कंपनीचा होता, पट्ट्या पूर्ण मापाच्या, लांबी खोक्यासकट माझ्या खांद्यापर्यंत. मी तो चादरीत गुंडाळला आणि न्हावऱ्यावरून दौंडला जाणारी एसटी धरली.

कंडक्टर म्हणाला, ‘ताई, ह्ये काय हाय?’

‘कीबोर्ड.’

‘काम्प्युटरचा? एवढा?’

‘वाजवायचा. पेटीच असते, पण भात्याची नसते.’

शेजारच्या आजींनी विचारलं, ‘भाताची न्हाई तर मग कशाची?’

कंडक्टरने थोडा विचार केला आणि निकाल दिला. ‘मांडीवर घेतलं तर लेकरू, खाली ठिवलं तर लगेज.’ मी तो दौंडपर्यंत मांडीवर घेतला. आजींनी न्हावऱ्याला उतरताना चादरीवरून हात फिरवला, सवयीने.

हा कीबोर्ड चांगला होता. पेटीचा आवाज निवडला तर तो पेटीच्या जवळ जायचा. आप्पांनी पांढरी चार दाबली, मान हलवली आणि एक अख्खं गाणं वाजवलं. मग म्हणाले, ‘सूर बरोबर हाय. पर प्रेशर एकसारखं लागतंय. गाडी उभी हाय आन् इंजिन चालू हाय, तसं.’ म्हणजे असं की पेटीत भाता जोरात घातला की आवाज फुगतो, हळू घातला की बसतो, माणसाच्या बोलण्यासारखा. इथे पट्टी दाबली की जेवढा आवाज आला तेवढाच, सोडेपर्यंत.

त्या कीबोर्डवर एक सोय होती. डाव्या बाजूच्या पट्ट्या दाबल्या की यंत्र आपोआप ठेका धरतं आणि मागून साथ देतं. व्हिडिओतल्या माणसाला ती फार आवडली होती. आप्पांनी ठेका ऐकून घेतला आणि विचारलं, ‘मग ढोलकीवाल्यानं काय घरी बसायचं?’ मी ती सोय बंद केली. तसाही तिला डावा हात लागत होता.

त्याचा खरा दोष दुसराच निघाला. तो फक्त लाइटवर चालायचा, सेल टाकायला जागाच नव्हती. मामा आणि ढोलकीवाले घरी सरावाला आले, अंतरा चढला आणि लाइट गेली. ढोलकी चालू होती, मामा गात होते, आप्पांचं बोट पट्टीवर होतं आणि आवाज नव्हता. आप्पांनी हात काढला नाही. गाणं संपेपर्यंत ते बिनआवाजाचे वाजवत राहिले. मामा गेल्यावर आप्पा म्हणाले, ‘पेटी कवा लाइट गेली म्हनून थांबली न्हवती.’ शिवाय गोरखपूरवाल्याला कीबोर्ड परत हवा होता. खोलीवर करमत नाही म्हणाला. मी तो मांडीवर घेऊन परत नेला.

तिसरा दौंडमध्येच मिळाला. लग्नात वाजवणारा एक ऑर्केस्ट्रा मोडला होता. त्यातला एकजण रिक्षा घेत होता, त्याने आपला कीबोर्ड विकायला काढला. तीन गोष्टींत बघायचं तर याच्यासारखा नव्हता. आवाज दुसऱ्याइतका चांगला. पट्टी जोरात दाबली तर मोठा, हळू दाबली तर बारीक, म्हणजे आप्पांची प्रेशरची तक्रार बरीचशी मिटणार. सेलवर चालायचा. आणि जुना असल्यामुळे नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात. मी सगळी बटनं दाबून पाहिली, सगळ्या पट्ट्या वाजल्या. मी त्याला मनात ओके केलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण मी तपासलेला पार्ट सहसा परत येत नाही.

रविवारी सकाळी मी तो आप्पांच्या खाटेसमोर स्टुलावर मांडला. आई गिरणीत दळण घेऊन गेली होती. आप्पांनी हात धुतला, पुसला, पेटीचा आवाज लावून घेतला आणि पांढरी चार दाबली.

मग बोट काढलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणले. पहिल्यापासून पांढऱ्या पट्ट्या मोजल्या, एक, दोन, तीन, चार, आणि पुन्हा दाबली. पुन्हा काढली. मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

‘आवाज कसा वाटतोय?’ मी विचारलं.

‘बरा हाय.’

‘मग वाजवा की.’

‘नगं. परत दे त्याला.’

मी चिडले. सेल आहेत म्हणाले, जोर कमी-जास्त करता येतो म्हणाले, याहून चांगला या पैशात मिळत नाही म्हणाले. दुकानदार जसा बोलतो तशी मी बापाशी बोलत होते. आप्पा ऐकत होते की नाही तेही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी आडवं होऊन भिंतीकडे तोंड केलं. मी दुपारच्या एसटीने शिरूरला आले आणि नवऱ्याने आणलेल्या भाजीचा एकच ढीग केला, रिजेक्टचा.

त्या आठवड्यात आईचे फोन आले. आप्पांनी गाड्यांचे डबे मोजायचं सोडलं होतं. विहारातला स्पीकर लागला की खिडकी लावायला सांगायचे. एकदा आईला म्हणाले, ‘जरा बोल गं.’ आई म्हणाली, काय बोलू? ‘कायबी बोल. सावकाश बोल.’ आईने दळणाचा भाव सांगितला. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘बास.’ आईला काही समजलं नाही, मलाही नाही. मामा येऊन बाहेरच्या बाहेर विचारून गेले, आप्पांचं जमणार नसेल तर कुरकुंभच्या एका वाजवणाऱ्याला सांगून ठेवू का. आईने त्यांना थांबा म्हटलं, पण कशासाठी थांबायचं ते तिलाही माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी कीबोर्ड परत करायला दौंडला गेले. परत जाणारा माल आपल्याकडून बिघडलेला नाही ना, हे तपासूनच द्यायचा असतो. म्हणून मी आतल्या खोलीत बसून एकेक पट्टी दाबत होते आणि मोठ्याने नाव घेत होते, कंपनीत घेते तशी. पांढरी एक. पांढरी दोन. आप्पा बाहेर खाटेवर भिंतीकडे तोंड करून होते. आई चुलीपाशी भाकरी थापत होती.

‘पांढरी चार,’ मी म्हणाले आणि दाबली.

‘ही न्हवं,’ आई म्हणाली.

‘काय?’

‘पांढरी चार न्हवं ही.’

‘आई, चौथीच दाबलीय. मोजून दाबलीय.’

‘दाबली असंल. वाजली न्हाई.’

आईने भाकरी तव्यावर टाकली आणि पुढे म्हणाली, ‘लगीन होऊन आले त्या दिसापासनं ह्या घरात पांढरी चार वाजतीय. मला बाकीच्या न्हाई कळत. ती कळती.’

बाहेरची खाट करकरली. आप्पा उठून बसले होते. ‘काय म्हनलीस?’ त्यांनी विचारलं. आईने तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, भाकरी उलटत. आप्पांनी पाय खाली सोडले. मग म्हणाले, ‘पेटी काढा.’

मी स्टुलावर चढून पेटी काढली. आईने पदराने धूळ पुसली. पेटी आप्पांच्या समोर ठेवली, त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर नेला आणि तो तिथेच थांबला. भात्याकडे आम्ही तिघांनीही पाहिलं.

‘मी घालते,’ आई म्हणाली.

‘तुला येतं व्हय?’

‘बघितलंय की रोज.’

ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, हाताला पीठ होतं ते लुगड्याला पुसलं आणि भाता धरला. एवढ्या वर्षांत तिने पेटीला पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता. पहिल्यांदा तिने इतक्या जोरात ओढला की पेटी पुढे सरकली. ‘हळू,’ आप्पा म्हणाले. ‘ब्रेक सोडायचाय, तोडायचा न्हाई.’ मग तिने हळू घातला आणि आप्पांनी पांढरी चार दाबली.

‘ही,’ आई म्हणाली.

मी आतून कीबोर्ड आणून त्याची चौथी दाबली. खालचा सूर आला. पेटीवरची पुन्हा वाजली. मला सुरातलं काही कळत नाही, पण दोन मापं एकमेकांत बसत नाहीत हे मला झोपेतही कळतं. ही बसत नव्हती.

‘म्हंजी कान बरा हाय,’ आप्पा म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग सावकाश बोलले. ‘मला वाटलं दुसरा झटका आला. कानातनं गेला. बोट बरोबर जागंवर हाय आन् सूर निराळाच येतोय, तवा दुसरं काय वाटनार?’

‘मग सांगायचं न्हाई?’ आई म्हणाली.

‘सांगून काय. परत पुण्याला नेलं असतं. आन् त्यांनीबी हेच सांगितलं असतं तर?’

आठवडाभर हा माणूस भिंतीकडे तोंड करून आपला कान गेला म्हणून बसला होता, आणि मी शिरूरला बसून त्याच्यावर रागावले होते. मला रडू आलं, मी रडले. त्या दोघांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. आप्पांनी गाणं सुरू केलं होतं. आई भाता घालत होती, तिचा हात भरून आला की ती हात बदलायची आणि तेवढ्यापुरता आवाज जरा बसायचा. आप्पा त्या जागी थांबून घ्यायचे, जणू गाण्यातच तसं आहे. तव्यावरची भाकरी जळाली ती मी काढली.

गोरखपूरवाल्याला फोन केल्यावर उलगडा झाला, तो असा. त्या कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाची एक सोय आहे. तिने अख्खी पट्टीच वर-खाली सरकवता येते. बोट चौथ्या पांढरीवरच ठेवायचं, पण आत तीन घरं खालचा सूर वाजवायचा. ऑर्केस्ट्रातल्या माणसाने कुठल्यातरी गायिकेसाठी ती उणे तीनवर ठेवली होती. त्या मॉडेलला बंद केलं तरी जुनी सेटिंग तशीच राहते, आणि बटन दाबल्याशिवाय आकडा दिसत नाही. ज्याला सूर कागदावर शिकवला जातो त्याच्या लक्षात हा घोटाळा लगेच आला असता. आमच्याकडे सुराला नावच पट्टीचं आहे. पांढरी चार दाबली तर पांढरी चारच वाजणार, यावर शंका घ्यायची असते हे आप्पांच्या गावीही नव्हतं. त्यांनी यंत्र सोडून स्वतःवर शंका घेतली. मी सगळ्या पट्ट्या वाजतात का ते तपासलं होतं. काय वाजतात ते तपासलं नव्हतं.

म्हणून आता मला कुणी विचारलं की मी सांगते: पट्ट्या मोठ्या मापाच्या बघ, सेलवर चालणारा बघ, डेमोचं बटन कुठे आहे ते आधी बघ, आणि जुना घेतलास तर ट्रान्सपोज शून्यावर आहे का ते बघ. लोक मान हलवतात आणि विचारतात, आवाज किती आहेत?

मी आकडा शून्यावर आणला तेव्हा आप्पांनी पहिल्यांदा त्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या नावाने एक शिवी दिली. मग ती सोय मला पुन्हा दाखवायला लावली. दुपारभर ते बटन दाबून पट्टी वर-खाली करत बसले. ‘सोय वाईट न्हाई,’ म्हणाले. ‘गाडीला अशी पायजे व्हती.’ रूळ तोच, गाव दुसरं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं.

त्याच कीबोर्डवर सराव पुन्हा सुरू झाला. आप्पांचं जमत होतं. आता जमत नव्हतं ते मामांचं. थंडीभर त्यांना खोकला होता, आणि अंतऱ्यात वरच्या सुराला गळा फाटत होता. मामा त्या जागी माइक तोंडापासून लांब न्यायचे, किंवा हात वर करून बाकीच्यांना गायला लावायचे. सगळ्यांना दिसत होतं. एकदा कोरसमधल्या एकाने भीत भीत विचारलं, ‘मामा, काळी दोन घेऊ या का यंदा?’ त्या दिवशी मामा चहा न घेता घरी गेले. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर स्टेज होतं, निळ्या पताका होत्या, आणि लाइट दोनदा गेली. कीबोर्ड सेलवर होता. आप्पांना खुर्ची दिली होती. काही लागलं तर असावं म्हणून मी त्यांच्या मागे बसले होते. मामा पांढरा सदरा घालून आले, माइकसमोर उभे राहिले आणि दोनदा खाकरले. समोर बाहेरगावचे पाहुणे होते, आणि निवेदकाने त्यांना पांढरी चारचं आधीच सांगून ठेवलं होतं.

आप्पांचा उजवा हात बटनाकडे गेला. पडद्यावर आकडा बदलला. उणे दोन.

मी पुढे वाकून म्हणाले, ‘आप्पा, ते शून्यावर नाहीये.’

‘गप बस,’ आप्पा म्हणाले.

त्यांनी ढोलकीवाल्यांना सूर दिला. ढोलकीवाले ढोलकी सुरात लावायला लागले, आणि रोजच्यापेक्षा लवकर थांबले. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा पताकांकडे बघत होते. ढोलकीवाल्यांनी मान खाली घातली आणि ढोलकी मांडीवर नीट घेतली.

‘आप्पा, पांढरी चार,’ मामा माइकवरून म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘ही घ्या,’ आप्पा म्हणाले. बोट चौथ्या पांढरीवर होतं. पहिल्या रांगेतल्या कुणालाही मोजता आलं असतं.

मामा गायले. अंतरा आला तेव्हा त्यांनी सवयीने माइक थोडा लांब नेला, मग जवळ आणला. वरचा सूर आला. पुढच्या कडव्यात त्यांनी तो पुन्हा घेतला, जास्त वेळ धरला, डोळे मिटून. बायकांमधून कुणीतरी टाळी सुरू केली आणि ती थेट मागे चहाच्या टपरीपर्यंत गेली. निवेदक म्हणाला, या वयात पांढरी चार, बघून घ्या मंडळी. पाहुण्यांनी बघून घेतलं.

गाण्यांच्या मध्ये मामा पाणी प्यायला आले. ‘आज गळा लई मोकळा हाय, आप्पा,’ म्हणाले.

‘थंडी गेली न्हवं का,’ आप्पा म्हणाले.

मामांना कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. इतकी वर्षं गाणाऱ्याला आपला सूर कळत नसेल असं वाटत नाही. पण त्यांनी रिकामा पेला आप्पांच्या खुर्चीजवळ ठेवला आणि जाताना आप्पांचा डावा हात, जो मांडीवर पडून होता, तो उचलून नीट ठेवला.

घरी आल्यावर आईने ताटं केली. ती बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली होती, स्पीकरपासून लांब. आप्पा जेवायला बसले तेव्हा ती म्हणाली, ‘आज पांढरी चार न्हवती.’

‘दाबली तीच व्हती,’ आप्पा म्हणाले.

त्यांना एका हाताने मोडता येत नाही म्हणून आईने भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली, आणि मग स्वतःचं ताट घेतलं.